शिवण

दापोलीच्या वाचनालयाची पुस्तकं
मे महिन्यात हर्णैला माझ्याकडे येतात,
गोणपाटात बांधून, दुपारच्या एसटीने,
मासळीच्या रिकाम्या टोपल्यांना टेकून.
मी शिवते. फर्म्याला चार रुपये.

यंदा त्यात एक जाडजूड ग्रंथ आहे:
बंदरावरच्या व्यायाम मंडळाची पन्नास वर्षं.
वाळवीने सुरुवात अध्यक्षांच्या मनोगतापासून केली
आणि तिथेच तिचं पोट भरलं.

पान एकसष्ट. सन चव्वेचाळीस.
"महायुद्धामुळे गड्यांची चणचण भासली."
एवढंच वाक्य.
त्याच्या आत कोण कोण दाटीने बसलंय
ते मला घरातून ठाऊक.
विठू चोगले, पलटणीचा भटारी, आसामच्या चिखलात.
इब्राहिम परकार, बोटीवर खलाशी,
दम त्याचा अख्ख्या तालुक्यात लांब,
एका श्वासात रेघ, कोपरा आणि परत.
बोट पाणतीराने फुटली.
पाण्याखाली तो दम कुठवर पुरला
हे ग्रंथात नाही.

सात हवेत, सहा भरले.
म्हणून पऱ्यापलीकडच्या वाडीतून
(नाव तेव्हा वेगळं होतं, तोंडात घेत नाही)
रावजी धाकू आला.
रजेवरचा शिपाई, आराकानच्या तोफांनी डावा कान गेलेला.
ग्रंथ म्हणतो, "एक बदली खेळाडू."

आता हुतूतू हा खेळच असा
की शिवलं की मेला,
आणि धरायचं तर अंगाला अंग लागणारच.
रावजी दम घेऊन रेघ ओलांडून आला
आणि समोरचे सहा जण
न शिवताच मेले,
भराभर मागची हद्द सोडून
माडांच्या आळ्यात जाऊन उभे राहिले.
पंचाने शिट्टी तोंडात धरली, वाजवली नाही.
त्याला दोन नियम पाठ होते
आणि त्या दिवशी दोन्ही एकाच रेघेवर आले होते.

सातवा कोपऱ्यात राहिला. तो माझा आजा.
त्याने रावजीचा पाय धरला.
सुधारक वगैरे नव्हता तो,
त्याला फक्त हरण्याचा विटाळ होता.
घोटा धरला, मग गुडघा,
रावजीने त्याला वाळूतून फरफटत नेलं,
ओठांत हुतूतू चालूच,
दोन बोटं रेघेला लागली आणि
आजा मेला.
घरी त्याच्या आईने पडवीबाहेर उभं करून
तीन घागरी ओतल्या.
तिसरीला तो म्हणाला, पुरे गं,
हातातला घोटा काही जात नाही.

ग्रंथात:
"काही कारणास्तव सामना अपूर्ण राहिला."
पुढे सव्वा पान मामलेदारांचं भाषण
आणि युद्धफंडाला जमलेले
एकशे सोळा रुपये, दोन आणे.

समोरच्या पानावर सामन्याआधीचा फोटो.
सहा जण, मांडीवर हात, छाती भरून.
सातवा उजव्या कडेला असणार.
आधीच्या बाइंडरने कडा सरळ करताना
तो गेला. कोपर उरलंय
आणि दंडावरचा काळा दोरा.
मुद्दाम कापला की सुरीखाली आला
मी सांगू शकत नाही.
माझ्याही सुरीखाली पुष्कळ गेलं असेल.

रावजीची पणती परवा आली होती,
पायात बूट, गुडघ्याला पट्टा,
रत्नागिरीला मॅटवर निवड आहे म्हणाली.
तिला या पानाची झेरॉक्स हवी होती.
अगं, नुसतं कोपर आहे, मी म्हटलं.
कोपर तर कोपर.

रात्री मी एकसष्टावं पान दोऱ्यात घेतलं.
वर जाळ्याचं शिसं वजनाला ठेवलं.
या खेपेला कडा कापली नाही.
ग्रंथ बाकीच्यांपेक्षा बोटभर बाहेर येतोय,
कपाटाचं दार लागायचं नाही,
ग्रंथपाल कुरकुरतील.